चार मिलिव्होल्टांचा माणूस

खंडाळा म्हटलं की निम्म्या महाराष्ट्राला लोणावळ्याशेजारचं धुकं आणि चिक्की आठवते. उरलेल्या निम्म्याला १९९८ च्या ‘गुलाम’मधलं गाणं आठवतं. आमचा खंडाळा तो नव्हे. आमचा सातारा जिल्ह्यातला, पुणे-सातारा रस्त्यावर खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी बसलेला, तालुक्याचा. धुक्याच्या जागी आमच्याकडं ट्रकच्या तापलेल्या ब्रेकांचा वास आहे आणि चिक्कीच्या जागी लोणंदचा कांदा. सावित्रीबाई फुल्यांचं नायगाव आमच्या तालुक्यात येतं, माऊलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते ती आमच्याच तालुक्यात, आणि एवढं भूषण पुरेसं नाही म्हणून की काय, सेलमास्तरही आमच्याच वाट्याला आले आहेत.

सेलमास्तर हा एक माणूस नव्हे, वाण आहे. प्रत्येक तालुक्याच्या गावात तो पिढीगणिक नव्यानं उगवतो. एका पिढीत तो रेडिओ उघडून बसायचा, पुढच्या पिढीत विहिरीवरच्या मोटारी भरायचा, त्याच्या पुढच्या पिढीत कौलावर चढून अँटेना फिरवत ‘आलं का?’ म्हणून ओरडायचा. आता लिथियमचे दिवस आहेत. वस्तू बदलली, वाण तोच. वस्तू दुरुस्त करणं हे त्याच्या लेखी किरकोळ काम. ती का बिघडली हे गिऱ्हाइकाच्या गळी उतरवणं हे खरं. गिऱ्हाइकाला घाई असेल तर मग विचारूच नका.

आमचे मास्तर कुठल्याही शाळेत मास्तर नव्हते. शिरवळच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला होते. निवृत्त झाले आणि घरामागच्या रिकाम्या गोठ्यात दुकान मांडून बसले. शर्टाच्या खिशात लोक पेन लावतात. यांच्या खिशातून मल्टिमीटरच्या दोन सुया डोकावतात, एक लाल, एक काळी. समोर कुणी आलं की आधी त्या सुया बाहेर येतात, मग ‘राम राम’. दुकानात फवारणी पंपाच्या, इन्व्हर्टरच्या, सीसीटीव्हीच्या, भजनी मंडळाच्या साउंडच्या अशा नाना बॅटऱ्या उघड्या पडलेल्या. प्रत्येक सेलवर मार्करनं दोन आकडे लिहिलेले, वरचा व्होल्टचा आणि खालचा मिलिओहमचा. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले अठरा मिलिमीटर जाड आणि पासष्ट मिलिमीटर लांब सेल बरण्यांत भरून ठेवलेले. काकूंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोनं, त्यातल्या दोन बरण्या लोणच्यासाठी परत मागितल्या आहेत, खटला अजून चालू आहे.

मास्तरांचं दैवत म्हणजे जॉन गुडइनफ. टेक्सासच्या विद्यापीठात बसून ज्याच्या प्रयोगशाळेनं लोह-फॉस्फेटच्या सेलचा पाया घातला आणि ज्याला वयाच्या ९७ व्या वर्षी, २०१९ साली, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांच्याबरोबर रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तो. १९९१ साली सोनीनं हे लिथियम-आयन सेल बाजारात आणले, तेव्हा मास्तर कंपनीत ट्यूबलाइट बदलत होते याची त्यांना अजून हळहळ वाटते. गुडइनफचा फोटो त्यांनी आधी देव्हाऱ्याशेजारी लावला होता, काकूंनी तो सन्मानानं गोठ्यात हलवला. २०२३ च्या जूनमध्ये गुडइनफ शंभरी ओलांडून गेले तेव्हा मास्तरांनी एक दिवस दुकान बंद ठेवलं. येणारा-जाणारा विचारायचा, “कोण वारलं?” मास्तर म्हणायचे, “आमचे एक.” दोघंचौघं सांत्वन करून चहा पिऊन गेले.

कामाची पद्धत बघायची असेल तर बापूंच्या पंपाची हकीकत ऐका. कांद्यावर फुलकिडे पडलेले, बापू पाठीवरचा फवारणी पंप घेऊन आले.

“मास्तर, चार्जिंग पुरं दावतोय आन् दोन टाक्या मारल्या की बसतोय बघा.”

मास्तरांनी पंप उघडला. आत लोह-फॉस्फेटचे चार सेल, एकामागं एक जोडलेले. सुया लावल्या. ३.३२, ३.३२, ३.३२, ३.३१.

“समदे सारखेच हायेत की,” बापू खुशीत म्हणाले.

“तीच तर मेख हाय, बापू. बसा.”

‘बसा’ म्हटल्यावर जाणता माणूस चप्पल शोधतो, बापू बसले. मग मास्तरांनी सांगितलं, की या जातीचा सेल मधल्या वाटेवर काही बोलतच नाही. वीस टक्के भरलेला असो नाहीतर ऐंशी टक्के, व्होल्टात फरक पडतो जेमतेम ०.१ चा. पार भरत आला की तो एकदम ३.६५ कडे उसळी मारतो आणि पार आटला की एकदम २.५ कडे कोसळतो. “माणसाचंबी तसंच. मधल्या परिस्थितीत समदेच सज्जन. भरला न्हायतर आटला, की मग कळतो.” एवढं बोलून त्यांनी चार्जर लावला आणि दोघं सुयांकडं बघत बसले. तासाभरात चौथा सेल खरोखरच उसळला: ३.४५, ३.५५, ३.६५. टक्. चार्जरचा दिवा हिरवा. बाकीचे तिघं मात्र ३.३८ वर घुटमळत होते.

“आता ही पंगत समजा,” मास्तर म्हणाले. “वाढपी एकच, आन् प्रत्येकाच्या पानावर सारखंच वाढतोय. पयल्या माणसाचं पोट भरलं, त्यानं पानावर हात आडवा धरला, की वाढपी समद्या पंगतीचंच वाढप बंद करतोय. बाकीचे तिघं अर्धपोटी. आन् उठतानाबी तसंच. एकाचं पान रिकामं झालं की समद्यांनी उठायचं.”

“मग त्या पयल्याला उठवा की.”

“उठवता येत न्हाय, बापू. शिरीज हाय. एक काढला तर वाटच तुटली.”

पॅकच्या पोटात बीएमएस नावाची एक हिरवी पट्टी असते. सेल फार भरला, फार आटला, फार तापला, की ती वाट तोडते. जो आधी भरला त्याच्यातलं थोडं थोडं रेझिस्टरमधून जाळून मागच्यांना वेळ देणं, हेही तिचंच काम. पण ती जाळणार किती? स्वस्तातली पट्टी ५० मिलिअँपिअरनं जाळते. दोन सेलांत दोन अँपिअर-तासांची तफावत असेल, तर ती भरून निघायला ४० तास. तेही पॅक भरत आलेला असतानाचे, कारण मधल्या वाटेवर कोण पुढं कोण मागं हे त्या पट्टीलाही कळत नाही. म्हणून मास्तरांचा मार्ग सरळ आणि लांबचा. जोडण्या सोडवायच्या, चारही सेल शेजारी शेजारी उभे करून अधिक-अधिक आणि उणे-उणे एकत्र बांधायचे, आणि टेबलावरच्या सप्लायवर ३.६५ व्होल्ट लावून सोडून द्यायचे. करंट जवळजवळ शून्यावर आला की चौघं एका पातळीला आले. मग पुन्हा शिरीज, पुन्हा निकेलची पट्टी, पुन्हा पिवळी टेप, पुन्हा निळी स्लीव्ह.

“कवा देताय?”

“परवा.”

“फुलकिडं परवापतुर थांबत्यात व्हय, मास्तर?”

मास्तरांनी या प्रश्नाचा गंभीरपणे विचार केला. त्यांच्या मते थांबायला हवं होतं.

इथपर्यंत मास्तर शहाणेच आहेत. तालुक्यात अर्ध्याअधिक फवारणीचे पंप त्यांच्या हातून गेलेत आणि चालताहेत. पंचाईत होते ती सेल संपून माणसं सुरू होतात तिथं. कारण या माणसाला फरकच सहन होत नाही. एका पॅकमध्ये सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सेल यांच्यात चार मिलिव्होल्ट उरले, म्हणजे व्होल्टाचा अडीचशेवा भाग, तर यांना झोप लागत नाही. भले तो फरक त्या सपाट वाटेवरचा असो, जिथं त्याला काडीचा अर्थ नाही हे त्यांनीच बापूंना समजावलंय.

स्टँडवरच्या टपरीवर चार कटिंग सांगा. चहा आला की मास्तर चारही ग्लास एका ओळीत लावतात, वाकून पातळी बघतात, आणि यातला थोडा त्यात, त्यातला थोडा यात असं सुरू होतं. पातळी जुळते तेव्हा चहा गार झालेला असतो. टपरीवाला हल्ली त्यांना बघितलं की ग्लास काठोकाठ भरतो. वर जागाच नको.

लग्नाला गेले तर अक्षता पडायच्या वेळी हा माणूस मांडवात नसतो. पार्किंगमध्ये असतो. हल्लीच्या बीएमएसला ब्लूटूथ असतं आणि पुष्कळांनी पासवर्ड आहे तोच ठेवलेला असतो. मास्तर मोबाइल घेऊन इलेक्ट्रिक गाड्यांच्या रांगेतून सावकाश फिरतात, आणि जेवताना शेजारच्या पाहुण्याला हलक्या आवाजात सांगतात, “तुमचा अकरावा जरा खाली हाय. सांभाळा.” पाहुणा बिचारा दुसऱ्या दिवशी पंचांग उघडून अकराव्या स्थानी कोण बसलाय ते बघतो.

गणपती मंडळाच्या बैठकीला मात्र मास्तर आले की पोरांच्या पोटात गोळा येतो. एखादा पोरगा तावातावानं उठतो, यंदा देखावा सौरऊर्जेवर करायचा म्हणतो. मास्तर विचारतात, किती वॉट? किती तास? ढग आले तर? पॅनेल कुणाच्या छपरावर? छप्पर कुणाच्या नावावर? पोरगा पाचव्या प्रश्नाला बसतो. मग दुसरा उठतो, त्याचंही तेच. बैठक संपते तेव्हा सगळ्यांचा उत्साह अगदी एका पातळीला आलेला असतो आणि सभामंडप मात्र चांगलाच तापलेला असतो. पट्टीवरचा तो रेझिस्टर नेमकं काय करतो हे ज्याला वाचून कळत नाही, त्यानं आमच्या मंडळाच्या बैठकीला एकदा यावं.

पण मास्तरांचा खरा पराक्रम घाटातला. एका पोरानं जुनी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. काटा चाळीस टक्के दाखवायचा आणि खंबाटकीत अर्ध्यावर गाडी मरायची. सपाटीला मुकाट चालायची. मास्तरांनी गाडी उघडली नाही. म्हणाले, “घाटात बघू. चढ लागला की सेल खरं बोलतोय.” आणि पोराच्या मागं, पोराच्या पाठीला पाठ लावून, उलटं तोंड करून बसले, हातात मोबाइल. सुरुवातीचा चढ गेला. पहिलं वळण घेतल्यावर मास्तर ओरडायला लागले, “सातवा पडतोय! सातवा पडतोय!” गाडी थांबली. मागून येणाऱ्या ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक दाबला, खाली उडी मारली.

“कोण पडलं?”

“सातवा!” मास्तर आनंदानं म्हणाले.

ट्रकवाल्यानं स्कूटरकडं बघितलं, दोघांकडं बघितलं, मग दरीकडं बघितलं. “आन् बाकीचे सहा कुठं हायेत?”

हिशेब साधा होता. चढाला गाडी ४० अँपिअर ओढत होती. निरोगी सेलगटाचा अंतर्गत विरोध तीन मिलिओहम, म्हणजे ०.१२ व्होल्टाची घसरण. कुणाला कळतही नाही. सातव्याचा बारा मिलिओहम, म्हणजे ०.४८. मुळात ३.४ वर उभा असलेला सातवा चढाला २.९२ वर आला, आणि बीएमएसची मर्यादा ३ ची. तोडली वाट. काटा बघतो सगळ्यांची बेरीज. बीएमएस बघते सगळ्यात अशक्ताकडं. हे वाक्य मास्तरांनी ट्रकवाल्याला उभ्या घाटात समजावून सांगितलं. ट्रकमध्ये टोमॅटो होते. तेवढ्या वेळात मागं लागलेल्या गाड्यांची रांग कुठवर गेली ते मास्तरांना विचारू नका, त्यांचं तोंड तिकडंच होतं तरी त्यांनी बघितलेलं नाही.

एका बाबतीत मात्र या माणसाची थट्टा करायची आमची कुणाची टाप नाही. २०२२ च्या मार्चमध्ये पुण्यात भर रस्त्यावर एका इलेक्ट्रिक स्कूटरनं पेट घेतला, देशात आणखी ठिकठिकाणी तसंच झालं, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरपासून केंद्रानं बॅटऱ्यांची ‘एआयएस १५६’ ही नियमावली टप्प्याटप्प्यानं कडक केली. तेव्हापासून मास्तर गाडीचा पॅक बांधून विकत नाहीत. दोष शोधून देतात आणि कंपनीच्या सेंटरला धाडतात. उघडलेला पॅक रात्री घरात नाही, अंगणात, चार हात लांब. दारात वाळूच्या दोन बादल्या. फुगलेल्या सेलला सुई टोचून बघणाऱ्या एका हौशी पोराचा त्यांनी सगळ्यांदेखत कान धरला होता. निकेलची पट्टी म्हणून बाजारात मुलामा दिलेलं लोखंड येतं. ते ग्राइंडरवर टेकवून बघतात. ठिणग्या उडाल्या की पट्टी भंगारात, गिऱ्हाईक कितीही घाईत असो. अशा वेळी वाटतं, असा चिकट माणूस गावात एक असावाच. दोन नकोत.

घरात मास्तरांच्या शास्त्राला कुणी विचारत नाही. तिथं काकूंचं राज्य. काकूंना मिलिव्होल्ट माहीत नाही, पण कुणाच्या घरात काय कमी आहे ते बरोबर माहीत असतं. म्हैस व्याली की जादाचं दूध बाळंतिणीच्या घरी जातं, तिच्या परसातला शेवगा पलीकडच्या आजीकडं जातो, आजीच्या नातवाची जुनी पुस्तकं मजुराच्या पोरीकडं. जाळणं कुठंच नाही.

मध्यंतरी मास्तरांनी ऑनलाइन नवा बॅलन्सर मागवला, पाच अँपिअरचा. रेझिस्टर नाही; भरलेल्या सेलमधून काढायचं आणि रिकाम्यात घालायचं. मास्तर हरखून काकूंना दाखवायला गेले. “बघ, ह्यात वाया काय जात न्हाय. ज्याच्याकडं जास्ती त्याच्याकडनं घ्यायचं, ज्याच्याकडं कमी त्याला द्यायचं.”

काकू मेथी निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “ह्याला पैसं पडलं?”

मास्तरांनी तो बॅलन्सर त्या स्कूटरच्या पॅकवर लावून बघितला. दोन दिवस लावला. सगळे सेल एका पातळीला आले, फरक चार मिलिव्होल्टांच्याही आत. मास्तर धन्य झाले. पोरगा गाडी घेऊन घाटात गेला आणि पुन्हा सातव्यानं मान टाकली. बॅलन्सिंगनं अशक्त सेल सशक्त होत नाही. पंधरा सेल शंभराचे आणि एक ऐंशीचा असला तर पॅक ऐंशीचाच. बॅलन्सर फार तर थोडी उचल देईल. सगळ्यांना एका वेळी पोचवणं वेगळं आणि ज्याला दम नाही त्याला दम आणणं वेगळं. मास्तरांना हे पुस्तकातून माहीत होतं. तरी ते दोन दिवस त्या सातव्याकडं तोंड पाडून बघत होते, पहिल्यापासून आपलाच तो असल्यासारखे.

पोरगा सेंटरला जाऊन नवा पॅक घालून आला. सातवा गट भंगारात टाकावा, तर काकूंनी टाकू दिला नाही. म्हणाल्या, “घाट चढत न्हाय म्हून काय झालं? गोठ्यातला दिवा तर लावंल.” मास्तरांनी त्याला स्वतंत्र संरक्षक पट्टी बसवली, छोटा दिवा जोडला. ४० अँपिअरला मान टाकणारा तो गट पाव अँपिअरवर रात्रभर बिनतक्रार जळतो. एकटा आहे, त्यामुळं त्याचा फरक काढायला शेजारी कुणी नाही. मास्तर तरी रोज सकाळी सुया लावून बघतात आणि कुणाशी ताडून बघावं हे न कळून परत येतात.

तर तुम्ही कधी पॅक घेऊन खंडाळ्याला येणार असाल तर दुपारी साडेबाराला या, सकाळी दहाला नको. सकाळी आलात तर गुडइनफपासून सुरुवात होईल आणि योशिनोपर्यंत येता येता तुमची एसटी जाईल. साडेबाराला आलात तर काम तेवढंच होतं आणि बोलणं अर्ध्यावर येतं, कारण एकच्या ठोक्याला आतून काकूंची हाक येते, “जेवायला चला!” मास्तर वाक्याच्या मध्यावर तुटतात. या घराची बीएमएस ती आहे, आणि तिची मर्यादा आजवर एकदाही चुकलेली नाही. मात्र ती तुम्हालाही जेवायला बसवेल. बसा. फक्त मास्तरांच्या शेजारचं पान धरू नका. तुमच्या वाटीत आमटी जास्त आली तर ते काढून घेतात.